लहान मुलांसाठी केलेलं परस: आठ महिने वापरल्यावर

मोठी साडेचार वर्षांची, धाकटा दोनचा. घरामागच्या मोकळ्या जागेचं काय करायचं यावर बराच काथ्याकूट झाला. शेवटी ठरलं, प्लास्टिक नको, फरशी नको. माती, झाडं आणि लाकूड यावरच भागवायचं. आता आठ महिने झालेत, म्हणून लिहितेय.

सगळ्यात जास्त वापर झाला तो मातीच्या ढिगाचा, आणि तो आराखड्यात नव्हताच! वाफे खणताना निघालेली माती कोपऱ्यात टाकली आणि उचलायचा कंटाळा केला. तिथे एक फुटकी बादली आणि जुनी पळी आहे, धाकटा तासन्‌तास तिथेच. हौसेने रचलेल्या ओंडक्यांच्या वाटेकडे पहिल्या आठवड्यानंतर कुणी फिरकलं नाही. आता त्यावर मीच बसते.

झोपाळ्याखाली लाकडाच्या ढलप्या टाकल्यात. पडल्यावर मार कमी लागावा म्हणून साधारण 9 इंचांचा थर लागतो. आम्ही मोजून 9 इंच टाकला आणि निर्धास्त झालो. तीन महिन्यांत दबून, पायांनी उडून बरोबर झोपाळ्याखाली जेमतेम 5 इंच उरला. सुरुवातीलाच 12 टाकायला हवा होता. आता खांबावर रंगाची रेघ मारली आहे. ढलप्या रेघेखाली गेल्या की फावड्याने ओढून घेतो.

छपराचं पाणी पिंपात घेतो. 20 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस झाला की हिशेबाने 200 लिटर होतात, म्हणजे आमचं पिंप एका जोरदार सरीतच काठोकाठ. हा हिशेब मी नंतर केला, भिंतीलगत तळं साचल्यावर. आता जादा पाणी नळीने झाडांच्या खड्ड्यात जातं. पिंपाला कडी लागणारं झाकण मात्र पहिल्या दिवसापासून आहे, कारण एवढं लहान मूल दोन इंच पाण्यातही बुडू शकतं. पक्ष्यांच्या पसरट भांड्यातलं पाणी दर तीन दिवसांनी ओतून टाकते, नाहीतर आठवडा-दहा दिवसांत डास तयार.

कण्हेर लावली होती, ती उपटली. तिचा प्रत्येक भाग विषारी, आणि धाकटा सगळं तोंडात घालतो. रोपं घेतानाच विचारायला हवं होतं.

लिंबाचं रोप निम्मं खाल्लं गेलं. एका सकाळी मोठी धावत आली, "आई, पानावर चिमणीची शी आहे आणि ती चालतेय!" फुलपाखराची अळी होती, लहानपणी ती अगदी तशीच दिसते, मोठी झाली की हिरवी होते. तेव्हापासून फवारणीचा विषयच बंद.

खताचा खड्डा पहिले दोन महिने घाण वास मारायचा. नुसता ओला कचरा टाकत होतो. वर भरपूर वाळका पाला घालायला लागलो आणि वास गेला.

तक्रार एकच, कपडे. पाणी वाचवायचं म्हणून एवढं सगळं केलं आणि वॉशिंग मशीन रोज लागतं. हल्ली पोरांना आत घेण्याआधी पिंपाच्या नळाखाली उभं करते.