ग्राफीन बॅटरी: दीड वर्ष वापरल्यानंतर

गेल्या महिन्यात भर चढावर इलेक्ट्रिक स्कूटरने मान टाकली. ६० व्होल्टचा संच, १२ व्होल्टचे पाच ठोकळे. 'ग्राफीन' म्हणून साध्या शिशाच्या संचापेक्षा चांगले जास्त पैसे मोजले होते. बॅटरीवाल्याने एकेकाला मीटर लावला. चार ठोकळे १२.७ च्या आसपास, पाचवा १०.५. म्हणजे सहापैकी एक सेल बसलेला. सगळे सिरीजमध्ये, त्यामुळे चार धडधाकट असूनही गाडी ढकलतच आणावी लागली.

सर्व्हिस सेंटर म्हणालं, "चार्जिंग चुकीचं केलं असेल." चार्जर त्यांनीच दिलेला! रोज फोन केल्यावर एकच ठोकळा बदलून मिळाला.

पण माझा खरा राग लेबलवर आहे. झाकणावर षटकोनी जाळीचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत ग्राफीन. किती टक्के, कुठल्या प्लेटमध्ये, किती थरांचं, याबद्दल चकार शब्द नाही. आत शिसं आणि ॲसिडच आहे हे ठोकळा उचलताच हाताला कळतं. खरं ग्राफीन म्हणजे २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव या शास्त्रज्ञांनी चिकटपट्टीने ग्राफाइटवरून सोलला तो कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. त्या कामाला २०१० चं नोबेल मिळालं. असे पापुद्रे सोलून कारखाना चालत नाही, म्हणून बाजारात मुख्यतः ग्राफाइट फोडून केलेली पूड येते. दहा थरांच्या वर गेलं की ते ग्राफाइटच. सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ६० उत्पादकांचे नमुने तपासून निष्कर्ष छापले, तर बहुतेकांत ग्राफीन १० टक्क्यांहूनही कमी, ५० च्या वर एकही नाही.

एवढं वाचल्यावर 'शुद्ध फसवणूक' असंच लिहिणार होतो. पण शेजारच्यांच्या स्कूटरला साधा संच आहे, माझ्यानंतर घेतलेला, आणि त्यांची रेंज निम्म्यावर आली. माझी तो ठोकळा जाईपर्यंत फारशी घटली नव्हती. अर्धवट चार्जवर पडून राहिलं की निगेटिव्ह प्लेटवर सल्फेटचे कडक खडे धरतात. कार्बन मिसळला की ते कमी धरतात आणि प्लेट चार्ज पटकन घेते. तेव्हा आत काहीतरी कामाचं नक्की आहे. मात्र हेच काम स्वस्तातला कार्बन ब्लॅकही (काजळीसारखी कार्बनची पूड) करतो. मग जादा पैसे कशाचे, हे कंपनीला लेखी विचारलंय. उत्तर नाही.

पुढचा संच टक्केवारी छापणाऱ्याचाच घेणार. तसा मिळाला नाही तर साधी कार्बनवाली शिशाची बॅटरी, आणि वाचलेल्या पैशांत चांगला चार्जर.