फोडकामाआधीची तपासणी : सहकारनगरमधील जुन्या घरासाठी घेतलेली सेवा

१९६१ च्या पानशेत पुरानंतर पूरग्रस्तांच्या सोसायट्या जिथे उभ्या राहिल्या, त्या पुण्याच्या सहकारनगरात आमचे वडिलोपार्जित घर आहे. त्याच्या नूतनीकरणाचे काम ठेकेदाराला देण्यापूर्वी आम्ही कर्वे रस्ता परिसरातील एका लहान सेवेकडून घरातील घातक बांधकाम साहित्याची तपासणी करून घेतली. कामाबद्दल समाधान आणि अहवालाबद्दल एक गंभीर तक्रार असे दोन्ही असल्यामुळे सेवेचे नाव येथे लिहीत नाही. मात्र कशाला हात लावू नये हे ठामपणे सांगणारा तपासनीस मिळणे किती मोलाचे आहे, हे जुन्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला कळावे, असे मला मनापासून वाटते.

सर्वाधिक वेळ गेला तो मागच्या शेडवरील सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे घातक तंतुमय खनिज, आहे का हे पाहण्यात. ॲस्बेस्टॉस नसलेले फायबर सिमेंटचे पत्रेही अगदी तसेच दिसतात, त्यामुळे नुसत्या नजरेने कोणीही खात्री देऊ शकत नाही. तपासनिसांनी पत्र्याची कड पाण्याने भिजवली, नखाएवढा तुकडा काढून तो दुहेरी पिशवीत बंद केला आणि उघडी पडलेली जागा लगेच रंगाने झाकली. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली त्यात क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस, आढळला. भारतात त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही. युरोपीय महासंघात ती २००५ पासून आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत, आणि त्यामुळे होणारा मेसोथेलिओमा, म्हणजे मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, बहुधा संपर्कानंतर वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतो.

असा निष्कर्ष आल्यावर सगळे पत्रे तातडीने काढा, असे सांगून पुढचे कामही मिळवणारे लोक असतात. या सेवेने तसे केले नाही. किंबहुना काढण्याचे काम ती घेतच नाही, आणि माझ्या मते तिच्यावर विश्वास ठेवण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. पत्रा अखंड असेल तर तंतू सिमेंटमध्ये घट्ट धरलेले राहतात. धोका निर्माण होतो तो पत्रा कापताना, फोडताना, त्याला भोके पाडताना किंवा पावसाळ्यानंतर चढलेले शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडताना. म्हणून शेडवर सौर पॅनेल बसवण्याचा आमचा बेत त्यांनी स्पष्ट शब्दांत रद्द करायला लावला, अखंड पत्र्यांवर रंगाचा थर देण्यास सांगितले आणि तडा गेलेला एकच पत्रा बदलण्याची शिफारस केली. तो काढताना पत्रा ओला ठेवावा, कटर न चालवता हुक सोडवून आख्खा उतरवावा, आणि कामगारांना कापडी रुमाल किंवा साधा एन-९५ न देता सूक्ष्म धूळ जवळजवळ पूर्ण अडवणाऱ्या पी-१०० गाळणीचा मास्क द्यावा, हे तपशील त्यांनी न विचारता सांगितले.

रंगाची तपासणीही काळजीपूर्वक झाली. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी लावलेले थर मात्र दारांवर आणि खिडक्यांवर तसेच आहेत. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्रामुळे खालचे थरही तपासता येतात, हा त्याचा मोठा लाभ. बाजारात मिळणाऱ्या रंग बदलणाऱ्या कांड्या वरवर फिरवल्या तर खालचे शिसे दाखवत नाहीत. त्यासाठी सगळ्या थरांतून खाच पाडावी लागते. आमच्याकडे भिंतींच्या डिस्टेंपरमध्ये काही निघाले नाही. स्वयंपाकघराच्या दारावरील जुन्या पिवळ्या ऑइल पेंटमध्ये आणि खिडक्यांच्या गजांखालच्या प्रायमरमध्ये मात्र शिसे होते. गजांखालचा प्रत्येक लाल थर शिशाचाच असतो असे नाही, कारण रेड ऑक्साइड हे लोखंडाचे संयुग आहे; पण जुना शेंदरी प्रायमर म्हणजे साक्षात शेंदूर, अर्थात शिशाचे ऑक्साइड, असू शकतो. असा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासणे किंवा ब्लो-लँपने जाळून काढणे अत्यंत घातक आहे. रांगणाऱ्या मुलांचे हात जमिनीवरून थेट तोंडात जातात, आणि मुलांसाठी शिशाची कोणतीही सुरक्षित मात्रा आजवर ठरवता आलेली नाही. दाराची फळीच बदलावी आणि गजांवर ओले घासून नवा थर चढवावा, हा त्यांचा सल्ला आम्ही मानला.

आता तक्रार. अहवाल संपूर्ण इंग्रजीत होता. ती धूळ ज्यांच्या छातीत जाणार, त्या मुकादमाला आणि रंगाऱ्याला त्यातील एक ओळही वाचता येत नव्हती. मराठीतील एक पान मागून घ्यावे लागले आणि ते उशिरा आले. विल्हेवाटीबद्दल तर ‘अधिकृत संस्थेकडे सोपवावे’ एवढेच वाक्य होते. ॲस्बेस्टॉसचा पत्रा राडारोड्यात मिसळून मुठेच्या काठी टाकला जाऊ नये आणि भंगारवाल्याच्या हातीही पडू नये, असे वाटत असेल, तर रांजणगाव औद्योगिक वसाहतीत घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची सामायिक सुविधा आहे आणि तिथे चौकशी करता येते, इतके तरी अहवालात असायला हवे होते.

शुल्क खोल्यांनुसार न आकारता नमुन्यांनुसार आकारले गेले, हे योग्य वाटले. अशी सेवा घेताना ती सेवा स्वतःच घातक साहित्य काढण्याचे काम करत नाही ना, हे आधी विचारावे, नमुने कोणत्या प्रयोगशाळेत जातात ते लेखी घ्यावे, आणि मुकादमासाठी मराठी सूचनापत्र हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.