तळ्याकाठचं कॉटेज की चढावरचं?

तळ्याच्या परिसरात राहायचं, रोज डोंगर हिंडायचे आणि स्वयंपाक आपला आपण करायचा, एवढं ठरलं की खरी निवड उरते ती जागेची. घर पाण्याला लागून घ्यायचं की वर उतारावर? मी दोन्हीकडे एकेक आठवडा राहिलोय.

पाण्यालगतच्या घराचं सुख मोठं आहे. गाडी दारापर्यंत जाते, किराणा वाहावा लागत नाही. स्वयंपाकघरही तिथलंच सरस होतं, ओटा ऐसपैस, सुरीला धार. धुकं विरलं की समोरच्या खुंटावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसायचा.

आमचं मात्र काही वाळत नव्हतं. पहिल्याच दिवशी ओढ्यात बूट भिजले. रात्री ते पडवीत ठेवले, मोजे दोरीवर टाकले. सकाळी मोजे कालच्यापेक्षा जड लागले आणि बुटाच्या जिभेवर बोट दाबलं की पाणी वर यायचं. चार दिवस रोज त्याच ओल्या बुटांत पाय घातले. तिसऱ्या दिवशी टाचेला फोड आला आणि ज्या शिखरासाठी गेलो होतो ते राहूनच गेलं.

कारण साधं आहे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि तळ्याच्या खोलगटात साठते. पाणी दिवसाची ऊब धरून असतं. त्याची वाफ त्या गारव्यात निवते आणि धुकं धरतं. त्यात डोंगराआडून ऊन खाली उतरायला उशीर. अशा हवेत कपडे वाळणार कसे? चढावरचं घर बऱ्याचदा या धुक्याच्या वर असतं. तिथे सकाळी सातलाच पडवीत ऊन यायचं, आणि आदल्या दिवशीचे बूट निघायच्या वेळी घालण्याजोगे झालेले असायचे.

त्याची किंमत पायांनी मोजावी लागते. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हिशोब अजून कामी येतो: सपाटीला तासाला सुमारे ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. आमचं घर रस्त्यापासून किलोमीटरभर लांब आणि १५० मीटर उंचावर होतं, म्हणजे सत्तावीस मिनिटं. किराण्याच्या पिशव्या घेऊन मला पस्तीस लागली. दमून परतताना तो शेवटचा चढ नकोसा होतो, हे कबूल. पण शिखराकडे निघताना तेवढीच चढाई आधीच झालेली असते.

सोबत लहान मुलं किंवा गुडघे दुखणारं कुणी असेल, किंवा तळ्याभोवतीच फिरायचं असेल, तर काठचं घर घ्यायला माझी हरकत नाही. रोज उंची गाठायची असेल तर मी तरी वरचंच घेईन. बुकिंगआधी घरमालकाला एवढं जरूर विचारा की ओले बूट कुठे वाळवायचे. शेगडीजवळ ठेवा असं उत्तर आलं तर ऐकू नका. जास्त आचेने सोलचा गोंद सुटतो, चामडं तडकतं. बुटांत कागदाचे बोळे कोंबा आणि ओले झाले की बदला. काठच्या घरात राहणार असाल तर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा सोबत न्या.