इन्सुलिनची पाण्यावर गार राहणारी पिशवी: सांगलीच्या पुरात किती उपयोगाची?

फ्रिज नसताना इन्सुलिन गार ठेवण्यासाठी मिळणारी कापडी पिशवी आमच्या घरात गेली काही वर्षे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि गावभागातील अनेक घरांचे तळमजले फ्रिजसकट पाण्याखाली गेले. त्यानंतर सासूबाईंच्या इन्सुलिनसाठी आम्ही ही पिशवी मागवली. जुलै २०२१ च्या पुरात घर सोडून विश्रामबागेत नातेवाइकांकडे राहावे लागले तेव्हा ती सोबत होती, आणि उन्हाळ्यात प्रवासाला निघतानाही आम्ही ती बरोबर घेतो. पिशवी चांगली आहे आणि इन्सुलिन घेणाऱ्या घरात ती असावी असे माझे मत आहे. मात्र केवळ पुराच्या तयारीसाठी ती घेणार असाल, तर तिचे काम नेमके कसे चालते हे आधी समजून घ्यावे, कारण विक्रेते तिचे जे गुण सांगतात ते बहुतेक उन्हाळ्याचे असतात.

पिशवीच्या अस्तरात पाणी शोषणाऱ्या पदार्थाचे बारीक खडे शिवलेले असतात. पाच-दहा मिनिटे साध्या पाण्यात बुडवली की ते फुगून त्यांचा लगदा होतो. वरचे पाणी टॉवेलने टिपून घ्यायचे, आत इन्सुलिनचे पेन किंवा कुप्या ठेवायच्या आणि पिशवी मोकळ्या हवेत ठेवायची. लगद्यातील पाणी कापडातून हळूहळू वाफ होऊन उडते आणि आतली उष्णता घेऊन जाते. बर्फ लागत नाही, वीज लागत नाही, आणि मुख्य म्हणजे इन्सुलिन गोठण्याची भीती उरत नाही. बर्फाच्या डब्यात घाईने ठेवलेली कुपी बर्फाला टेकून गोठली, तर ते इन्सुलिन वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखे असले तरी वापरण्यायोग्य राहत नाही, ते टाकूनच द्यावे लागते. पुराच्या दिवसांत दुसरी कुपी सहज मिळत नसताना हा फरक फार मोठा आहे.

एप्रिल-मे महिन्यांत सांगलीची हवा तापलेली आणि कोरडी असते, आणि त्या हवेत पिशवीचे काम खरोखर पाहण्यासारखे होते. बाहेर पारा ३८ च्या पुढे असताना आत ठेवलेला छोटा तापमापक पंचविशीच्या आसपास राहतो, आणि एकदा भिजवलेली पिशवी दीड-दोन दिवस सहज टिकते. पावसाळ्यात चित्र बदलते. हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्यामुळे पिशवीतील पाणी उडत नाही, आणि पाणी उडाले नाही तर गारवाही निर्माण होत नाही. जुलैमधल्या संततधारेत पिशवीच्या आतल्या आणि खोलीतल्या तापमानात एखाद-दोन अंशांपेक्षा अधिक फरक आम्हाला कधी आढळला नाही. याला पिशवीतील दोष म्हणता येणार नाही. परंतु कोरड्या उन्हाळ्यातील आकडे छापून ती आपत्कालीन साधन म्हणून विकणे मला अपुरे वाटते, कारण आपल्या भागातील आपत्ती बहुतेक वेळा भर पावसातच येते.

यावरून पुरात इन्सुलिन वाया जाणार असे मात्र मुळीच समजू नये. ही भीती अनेक घरांत आहे, आणि तिच्यापोटी फ्रिज बंद पडला म्हणून इन्सुलिन थांबवणारी माणसे आहेत, ही मला सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. वापरात असलेली कुपी किंवा पेन प्रकारानुसार २५ किंवा ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर राहू शकते, हे तिच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही वैद्यकीय मदत संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी केनियातील दादाब निर्वासित छावणीतील तापमान डोळ्यांसमोर ठेवून केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनच्या परिणामकारकतेत फरक पडत नाही, असे त्यात दिसून आले. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यानुसार काही प्रकारचे मानवी इन्सुलिन (माणसाच्या शरीरातील इन्सुलिनसारखेच बनवलेले), कुपी न उघडता, २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने टिकते. सांगलीत पुराच्या दिवसांत पारा तिशीच्या वर क्वचितच जातो. म्हणजे त्या दिवसांत इन्सुलिनला उष्णतेपासून फारसा धोका नसतो, धोका असतो तो पुराच्या पाण्याचा. पुराचे पाणी लागलेली कुपी, सुई किंवा औषधाची पट्टी वरून स्वच्छ दिसली तरी वापरू नये.

आणि नेमकी इथेच पिशवीची रचना अडचणीत येते. गारवा यायचा असेल तर ती उघड्या हवेत हवी, आणि होडीतून किंवा कमरेएवढ्या पाण्यातून जाताना तीच पिशवी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून घ्यावी लागते. प्लास्टिकमध्ये बांधली की बाष्पीभवन थांबते, आणि आत साचलेल्या ओलीने कुपीवरील लेबलचा कागद सुटू लागतो. आमच्याकडे यावर ठरलेला उपाय असा आहे, की आयर्विन पुलाजवळ नदीची पातळी ४० फूट, म्हणजे इशारा पातळीला पोहोचली की सामान बांधायचे, त्या वेळी पिशवी कोरडीच ठेवायची आणि इन्सुलिन घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घालायचे. मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर गरज वाटली तरच पिशवी भिजवायची. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड या भागांत पाणी आमच्याही आधी शिरते, त्यामुळे तेथील कुटुंबांनी पावसाळा लागतानाच डबा भरून ठेवणे इष्ट.

साखर तपासण्याच्या पट्ट्या या पिशवीत कधीही ठेवू नयेत. पट्टीवरील रसायनाला दमट हवा चालत नाही, म्हणून तिच्या डबीत ओल शोषणारा पदार्थ असतो आणि डबीचे झाकण प्रत्येक वेळी लगेच लावायचे असते. ओलसर झालेली पट्टी चुकीचा आकडा दाखवू शकते, आणि त्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरवणे धोक्याचे आहे. उत्पादकांनी पिशवीला बाहेरून एक पूर्ण कोरडा कप्पा दिला, तर साखर तपासण्याचे यंत्र, पट्ट्या आणि सुया एकत्र ठेवता येतील. सध्या मिळणाऱ्या पिशव्यांमध्ये ही सोय मला कुठे दिसली नाही.

पिशवी लहान घ्यावी की मोठी, असा प्रश्न असेल तर मोठीच घ्यावी. लहान पिशवीत दोन पेन कसेबसे मावतात, पण कुपी वापरणाऱ्यांना तिच्याबरोबर सिरिंजही हव्यात, आणि त्या आपल्याच हव्यात. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि पेनमधील काडतूस १०० युनिटचे. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात, ४० साठी लाल टोपणाची आणि १०० साठी केशरी टोपणाची. मदत केंद्रावर हाती येईल ती कुपी आणि हाती येईल ती सिरिंज घेतली, तर गंभीर चूक होऊ शकते. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत १०० युनिटचे इन्सुलिन ओढले, तर शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात, आणि जेवणाची वेळ निश्चित नसलेल्या माणसाची साखर त्यामुळे जीव धोक्यात येईल इतकी उतरू शकते. उलट केशरी टोपणाच्या सिरिंजमध्ये ४० युनिटचे इन्सुलिन त्याच खुणेपर्यंत घेतले, तर जेमतेम ८ युनिट जातात आणि साखर चढत राहते. म्हणून सासूबाईंच्या कुपीबरोबर त्याच प्रकारच्या सिरिंजचे पाकीट आणि इन्सुलिनचे नाव, प्रमाण व मात्रा लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी आम्ही एकाच ठिकाणी ठेवतो. पिशवीच्या पुढच्या खिशात साखरेच्या पुड्या आणि ग्लुकोज पावडरही राहते, अर्थात पिशवी कोरडी असेल तरच. घाम, थरथर, भोवळ जाणवली की तीन चमचे साखर द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि साखर वर आल्यावर काही तरी खायला द्यायचे, हे घरातल्या मुलांनाही माहीत असावे.

आम्हाला पिशवी हजार-बाराशेच्या घरात पडली. तेवढ्यासाठी हात आखडत असेल, तर मातीच्या दोन मडक्यांचा उपाय आहे. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके, लहान मडक्यात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन, आणि वरून ओले फडके, एवढीच मांडणी. उन्हाळ्यात हे पिशवीच्या तोडीचे काम करते, कारण तत्त्व एकच आहे, आणि पावसाळ्यातील मर्यादाही तीच आहे. फक्त मडकी उचलून होडीत बसता येत नाही. पिशवीचा खरा मोबदला या ठिकाणी मिळतो: ती हलकी आहे, गळ्यात अडकवता येते आणि इन्सुलिन माणसापासून दूर जात नाही. पुरातून निघताना मोठे सामान दुसऱ्या होडीत किंवा दुसऱ्या नातेवाइकाकडे जाऊ शकते, गळ्यातील पिशवी मात्र जवळच राहते.

शिवण भक्कम आहे आणि इतक्या वर्षांत खडे कुठूनही बाहेर आलेले नाहीत. वापर संपल्यावर मात्र ती वाऱ्यावर कित्येक दिवस वाळवावी लागते. पावसाळ्यात घाईने घडी घालून ठेवल्यास तिला कुबट वास येतो आणि बुरशी धरते, त्यामुळे पंख्याखाली टांगून ठेवणे बरे.

ज्यांना केवळ गोळ्या चालू आहेत, त्यांनी या पिशवीवर खर्च करू नये. तेच पैसे जास्तीच्या पट्ट्या, महिन्याभराच्या गोळ्या आणि पायांत घालायच्या गमबुटांवर खर्च केलेले चांगले, कारण मधुमेहाने संवेदना कमी झालेल्या पायाला पुराच्या पाण्यात झालेली जखम वेळेवर कळतही नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण चुकले तरी साखर उतरते, आणि डॅपाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याला उलट्या-जुलाब होऊन अन्नपाणी तुटले तर ती गोळी तात्पुरती थांबवावी लागू शकते. या दोन्ही गोष्टी पावसाळ्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्याव्यात.