नोस्फेराटू: १९२२, १९७९ की २०२४? कोणता बघावा आणि कोणत्या प्रतीत

रॉबर्ट एगर्सचा २०२४ चा पिशाच्चपट ‘नोस्फेराटू’ जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडच्या थिएटरांत येऊन गेला. तेव्हा ज्यांचा राहून गेला ते आता घरी बघायचा म्हणताहेत, आणि ज्यांनी पाहिला त्यांतल्या बऱ्याच जणांना मूळ मूकपटाबद्दल कुतूहल वाटतंय. मधे वेर्नर हेर्झोगचा १९७९ चा आहेच. तिन्ही बघायचे तर साडेपाच तास हवेत. तेवढी सवड नसेल तर निवड करावी लागते.

आमचं मत आधीच सांगतो. एकच बघायचा तर एफ. डब्ल्यू. मुर्नाउचा १९२२ चा बघा, पण रंगछटा दिलेल्या, ९४ मिनिटांच्या प्रतीतच. मूकपटाला बसायची तयारी नसेल तर एगर्सचा. हेर्झोगचा त्यांच्यासाठी, ज्यांना घाबरण्यापेक्षा उदास व्हायला आवडतं. हे तिन्ही सिनेमे लोक अर्ध्यावर सोडतात ते बहुतेकदा चुकीच्या प्रतीमुळे किंवा चुकीच्या पडद्यामुळे. १९२२ चा चुकीच्या प्रिंटमध्ये मरतो, १९७९ चा चुकीच्या भाषेत आणि २०२४ चा टीव्हीच्या चुकीच्या सेटिंगमध्ये. म्हणून खाली सिनेमाइतकंच प्रतीबद्दलही लिहिलं आहे.

गोष्ट एकच, ढापलेली

तिन्हींचं मूळ ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’, १८९७ ची. मुर्नाउच्या निर्मात्यांनी, म्हणजे प्राना-फिल्म कंपनीनं, हक्क घेतलेच नाहीत. नावं तेवढी बदलली: ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक झाला, त्याच्या किल्ल्यात जाणाऱ्या तरुण हार्करचा हुटर, लंडनचं विसबोर्ग नावाचं जर्मन बंदर. स्टोकरच्या विधवेनं, फ्लॉरेन्स स्टोकरनं, दावा लावला आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. काही प्रती देशाबाहेर गेल्या होत्या म्हणून सिनेमा वाचला. हेर्झोगच्या वेळेपर्यंत कादंबरीचे हक्क संपले होते, त्यामुळे त्याच्या सिनेमात पुन्हा ड्रॅक्युला आणि हार्कर ही नावं येतात. एगर्सनं मात्र ऑर्लोक आणि हुटरच ठेवले.

पण मुर्नाउनं आणि त्याचा पटकथाकार हेन्रिक गालेन यानं दोन गोष्टी अशा घातल्या की कादंबरी मागे पडली. एक, सूर्यप्रकाशानं होणारा पिशाच्चाचा अंत. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. उन्हानं पिशाच्च मरतं हा आज सगळ्यांना पाठ असलेला नियम या सिनेमातून आला. दुसरी गोष्ट प्लेग. ऑर्लोक जहाजातून उतरतो तो उंदीर घेऊनच. पुढे नगारा वाजवत दवंडी पिटणारा माणूस, दारांवर खडूच्या फुल्या, अरुंद गल्लीतून खांद्यावर येणाऱ्या शवपेट्यांची रांग. स्टोकरची कादंबरी निघाली त्याच वर्षी पुण्यात प्लेग होता आणि रँडचे सोल्जर घरांत शिरत होते. तो इतिहास शाळेपासून ऐकलेल्या मराठी प्रेक्षकाला या भागात वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

१९२२: आधी प्रत तपासा

या सिनेमाच्या इंटरनेटवर असंख्य फुकट प्रती आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा वाईट आहेत. पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

रंग बघा. सबंध सिनेमा करड्या कृष्णधवल रंगात असेल तर बंद करा. त्या काळची फिल्म रात्री चित्रण करण्याइतकी संवेदनशील नव्हती, म्हणून रात्रीची दृश्यं भर दिवसा चित्रित करून प्रती निळ्या रंगात बुडवल्या जायच्या. निळं म्हणजे रात्र, पिवळट म्हणजे दिवस किंवा दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. छटा काढून टाकली की ऑर्लोक काखेत शवपेटी मारून टळटळीत उन्हात गावातून चालतो आणि शेवटी त्याच उन्हानं मरतो. सिनेमाचा तर्कच कोसळतो. ‘जुना सिनेमा, बाळबोध आहे’ असं म्हणणाऱ्या पुष्कळांनी हीच प्रत पाहिलेली असते.

लांबी बघा. कॅमेरा हातानं फिरवलेला, वेग सेकंदाला साधारण १८ फ्रेम. तीच फिल्म २४ च्या वेगानं चालवली तर ९४ मिनिटांचा सिनेमा सत्तरेक मिनिटांत उरकतो आणि माणसं तुरुतुरु पळायला लागतात. माक्स श्रेकचा ऑर्लोक भयानक वाटतो तो त्याच्या संथपणामुळे. दारातून तो जवळजवळ सरकत येतो, हात अंगाशी चिकटलेले. तो संथपणा गेला की हसू येतं.

संवाद दाखवणाऱ्या पाट्यांवरची नावं बघा. इंग्रजी पाट्यांवर ‘काउंट ड्रॅक्युला’ आणि ‘हार्कर’ दिसले तर ती जुनी अमेरिकन आवृत्ती आहे. जर्मन पाट्या आणि खाली इंग्रजी सबटायटल ही जोडी उत्तम. पाट्यांची अक्षरंही सिनेमाचा भाग आहेत: पत्राचं अक्षर वेगळं, पिशाच्चांवरच्या पुस्तकाचं वेगळं.

आणि संगीत. मूळ पार्श्वसंगीत हान्स एर्डमानचं होतं आणि ते पुन्हा जुळवून वाजवलं गेलं आहे. मुर्नाउ-श्टिफ्टुंग या जर्मन संस्थेनं २००६ च्या सुमारास पूर्ण केलेल्या पुनर्संचयित प्रतीसोबत ते मिळतं. कुणीतरी मागे सतत एकच ऑर्गन घुमवत ठेवलेला असेल तर आवाज बंद करून बघितलेलं बरं. चित्र जवळजवळ चौकोनी असतं, ते टीव्हीभर ताणू नका.

काही गोष्टी मात्र बिघाड नाहीत. हुटरला न्यायला येणारी बग्गी अचानक धक्के देत पळते, आणि जंगल एकाएकी पांढरं, आकाश काळं होतं. दोन्ही मुर्नाउनं मुद्दाम केलं आहे, पांढरं जंगल तर निगेटिव्ह प्रतिमा वापरून. शवपेट्या आपोआप एकावर एक चढतात, तेही फ्रेम-फ्रेम थांबवून घेतलेलं. प्रत खराब आहे समजून इथे बंद करणारे लोक आहेत.

एकच प्रसंग, तीन जेवणं

तिघांतला फरक एका प्रसंगात कळतो: किल्ल्यातलं पहिलं जेवण, जिथे पाहुण्याचं बोट पाव कापताना कापतं.

मुर्नाउच्या सिनेमात ऑर्लोक कागदाआडून बघतो. फक्त डोळे आणि टोपी. घड्याळावरचा सांगाडा बाराचा ठोका देतो, हुटरचा सुरा घसरतो, आणि ऑर्लोक उठून त्याच्याकडे येतो. दृश्य लख्ख आहे, सगळं दिसतं. भीती येते ती त्या आकारामुळे: टक्कल, उंदरासारखे पुढचे दात, लांब नखं.

हेर्झोगच्या सिनेमात क्लाउस किन्स्कीही तसाच टकला आणि पांढराफटक, पण त्याचे डोळे आजारी माणसाचे आहेत. बोट कापल्यावर तो आधी समजावतो, की सुरी जुनी आहे, रक्त दूषित होईल, चोखणं हाच जुना उपाय. मग स्वतःला आवरता येत नाही म्हणून झेप घेतो. इथे त्याची कीव येते. बघणाऱ्याला किळस आणि दया एकाच वेळी वाटणं हेच या सिनेमाचं बळ आहे.

एगर्स तुम्हाला ऑर्लोक बघूच देत नाही. शेकोटीचा जाळ, मेणबत्त्या, आणि त्यापलीकडे अंधारात लोकरी अंगरख्याचा ढीग. आधी येतो तो आवाज. बिल स्कार्सगार्डनं तो खाली उतरवण्यासाठी ऑपेरा गायिकेकडे तालीम घेतली होती. हा ऑर्लोक उंदरासारखा नाही. मिश्या असलेला, कुजलेला सरदार आहे, पाहुण्यानं आपल्याला मानानं हाक मारावी असा आग्रह धरणारा. निकोलस हॉल्टचा हुटर अनोळखी लिपीतल्या कागदावर सही करतो, आणि ती सही कशावर होती हे कळतं तेव्हा सबंध गोष्टीचा रोख बदलतो. आधीच्या दोन्हींत हा धागा नाही.

१९७९: जर्मन आवृत्तीच घ्या

हेर्झोगनं सिनेमा जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चित्रित केला. इंग्रजी आवृत्तीत किन्स्की आणि हार्कर झालेला ब्रुनो गान्झ दोघंही परक्या भाषेत अडखळतात. जर्मनमध्ये किन्स्कीची कुजबूज कानाला खरी वाटते. ध्वनी निवडायचा पर्याय असेल तर सबटायटल लावून जर्मन.

सुरुवात मेक्सिकोतल्या ग्वानाहुआतोच्या ममींनी होते. ते खरे मृतदेह आहेत, लहान मुलांचेही. ज्यांना हे सोसणार नाही त्यांनी पहिली दोन-तीन मिनिटं सोडावीत, गोष्ट बुडत नाही. संगीत पोपोल वू या जर्मन बँडचं. जोनाथन हार्कर पायी किल्ल्याकडे निघतो तेव्हा वाग्नरच्या ‘ऱ्हाइनगोल्ड’ची सुरुवात लागते आणि कॅमेरा ढग, धबधबा, कडे बघत राहतो. बराच वेळ काहीच ‘घडत’ नाही. इथे जीव रमला तर पुढचा सिनेमा तुमचा. कंटाळा आला तर पुढेही येईल, कारण १०७ मिनिटं हाच वेग आहे.

एका प्रसंगासाठी तो बघावाच. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा चौक. उंदीर, शवपेट्या, नाचणारी माणसं, आणि मधोमध मेज मांडून चांगल्या कपड्यांत जेवायला बसलेलं एक टोळकं. त्यांना लागण झालेली आहे, उरलेले दिवस ते जेवून घेताहेत. हार्करची बायको झालेली इझाबेल अजानी त्यांच्यामधून चालत जाते. प्लेगवरचं इतकं नेमकं दृश्य मुर्नाउलाही साधलेलं नाही आणि एगर्सलाही नाही.

जागांचा एक गमतीशीर योग आहे. मुर्नाउनं ऑर्लोकचं घर म्हणून ल्यूबेकची मिठाची जुनी कोठारं वापरली. हेर्झोग मुद्दाम तिथेच परत गेला. हेर्झोगनं चेक देशातला पेर्नश्टेन किल्ला वापरला. एगर्सनंही तोच घेतला. ओळीनं बघणाऱ्याला भिंती ओळखता येतात.

२०२४: आधी टीव्ही नीट करा

जारिन ब्लाश्केचं छायाचित्रण ३५ मिमी फिल्मवरचं आहे आणि त्याला ऑस्करचं नामांकन होतं. चांदण्यातली दृश्यं रंग पिळून काढल्यासारखी, आतली ज्योतींच्या उजेडातली. थिएटरात हे फार सुंदर दिसतं. घरी बहुतेकांना काळा पडदा आणि त्यात हलणारे राखाडी चौकोन दिसतात. उपाय असे:

टीव्ही ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’वरून काढून ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ मोडवर न्या. वीज वाचवण्याचा इको मोड आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे चित्र मंद करणारा सेन्सर दोन्ही बंद करा. अंधाऱ्या खोलीत हा सेन्सर आधीच काळोखं चित्र आणखी बुडवतो. हालचाल गुळगुळीत करणारं मोशन सेटिंग बंद. तुमच्या पाठीमागचा दिवा मालवा, त्याचं प्रतिबिंब नेमकं अंधाऱ्या भागात पडतं. राखाडी चौकोन दिसत असतील तर दोष टीव्हीचा नाही, नेट मंद आहे: स्ट्रीमिंगचा दर्जा आपोआप उतरतो तेव्हा आधी अंधार फाटतो. ब्लू-रे मिळत असेल तर तो प्रश्नच मिटतो. टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर ऑर्लोकचा खर्ज अर्धा गायब होतो, तेव्हा साउंडबार किंवा बरे हेडफोन लावा. आवाज सपाट करणारा नाइट मोड नको. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या दिसतील. चौकटच तशी आहे, झूम करू नका. सबटायटल लागतीलच, कारण ऑर्लोक काही ठिकाणी लुप्त झालेल्या डेशियन भाषेत बोलतो.

मोबाइलवर हा सिनेमा बघूच नये. मोबाइलच असेल तर १९२२ चा निवडा. त्याच्या ठसठशीत आकृत्या छोट्या पडद्यावरही टिकतात.

या सिनेमाचं केंद्र हुटरची बायको एलेन आहे, लिली-रोज डेपची. मुर्नाउची एलेन बळी जाते. एगर्सची पहिल्या दृश्यापासून ऑर्लोकशी बांधलेली आहे, आणि तिला होणारे झटके, लाज, ओढ यांवर सिनेमा उभा आहे. डेपनं ते शरीरानं पेललं आहे. तक्रार एकच: मधल्या भागात हुटरचा मित्र हार्डिंग याच्या घरी सगळे फार बोलतात, आणि विलम डफोचा प्राध्यापक जे दिसतंच आहे तेही समजावतो.

कुणी काय बघावं

घरात बारा-तेरा वर्षांची मुलं बरोबर बसणार असतील तर १९२२ चा निर्धास्त लावा. २०२४ चा प्रौढांसाठीच: नग्नता, कामुक हिंसा, लहान मुलांचे मृत्यू, जिवंत कबुतराचं मुंडकं चावणं हे सगळं थेट दाखवलेलं आहे. गरोदर बाईला किंवा नुकतं घरात कुणी गेलं असेल त्यांना आम्ही तो सुचवणार नाही.

दोन बघणार असाल तर आधी १९२२, मग २०२४, मधे निदान एक दिवस ठेवून. उलट क्रमानं गेलात तर मुर्नाउच्या सिनेमात काय नाही याचीच यादी डोक्यात तयार होते. या क्रमानं बघितलं तर मुर्नाउच्या ऑर्लोकची जिन्यावर चढणारी ती प्रसिद्ध सावली एगर्सनं गावभर कशी पसरवली, हे लक्षात येऊन मजा वाढते.

एगर्सच्या सिनेमाच्या दोन आवृत्त्या मिळतात, थिएटरची १३२ मिनिटांची आणि चारेक मिनिटं लांब असलेली. पहिल्यांदा बघणाऱ्यानं थिएटरचीच घ्यावी. लांब आवृत्तीसाठी वेगळे पैसे मोजावे लागत असतील तर ते मुर्नाउच्या चांगल्या डिस्कवर खर्च करा.