आठ महिन्यांचा अनुभव: एकाच स्पीकरवर ऐकलेला तानपुरा

पाच इंची वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाच्या) बुकशेल्फ स्पीकरची ही जोडी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या घरी आठ महिने वाजते आहे. तिची तांत्रिक माहिती सर्वत्र उपलब्ध असल्याने ती येथे देत नाही. मी ३८,००० रुपये मोजले ते केवळ गायन ऐकण्यासाठी, आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तार घोडीला हलकेच घासून उठणारी गुंजणारी झणझण, घरात खरी वाटते की नाही, ही एकच कसोटी मी तिला लावत आलो.

सुरुवातीला मी गडकरी रंगायतन या नाट्यगृहात ऐकलेल्या मैफलींशी तुलना करत होतो. ती तुलनाच चुकीची होती, कारण तिथेही गाणे माइक आणि स्पीकरमधूनच आपल्यापर्यंत पोहोचते. खरा ताळा मिळाला तो नौपाड्यात एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात, माइकशिवाय झालेल्या बैठकीत. मी तानपुऱ्यापासून दोन हातांवर बसलो होतो. घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तारेखालचा दोरा केसभर सरकला आणि बोथट वाटणारी खर्जाची तार एकदम उघडली. त्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार तर आलाच, पण त्याच्याही वर बारीक, सतत बदलणारी झणझण खोलीभर पसरली. घरी गंधार ऐकू येत असे, ती झणझण मात्र येत नसे. दोष ट्वीटरचा (वरचे स्वर वाजवणाऱ्या भागाचा) आहे, असे मी ठरवून टाकले होते.

सातव्या महिन्यात तबल्याच्या डग्ग्याच्या प्रत्येक ‘घे’ला उजवा स्पीकर खरखरू लागला. वॉरंटी दोन वर्षांची असूनही सेवा केंद्राने तपासणीचे ८५० रुपये आधी भरून घेतले आणि आवाज फार मोठा ठेवल्याचा ठपका माझ्यावर ठेवला. मी आवाज निम्म्याच्या पुढे कधीही नेलेला नाही, आणि हे लेखी कळवूनही तीन आठवडे फोन करत राहावे लागले, याचा मला आजही संताप आहे.

त्या तीन आठवड्यांत डावा स्पीकर मधोमध ठेवून, अ‍ॅम्प्लिफायरवर मोनो (दोन्ही चॅनल एकत्र) करून आकाशवाणीची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकली, आणि नौपाड्यातली ती झणझण पहिल्यांदा घरात आली. कारण नंतर उमगले. मध्यभागी बसलेल्या गायकाचा आवाज दोन स्पीकरांतून आला की प्रत्येक कानाला तो दोनदा मिळतो, लांबच्या स्पीकरचा किंचित उशिराने. त्या अंतरामुळे २,००० हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी दबतो, आणि जवारीचे वरचे स्वर नेमके त्याच भागात भरलेले असतात. ट्वीटरवर मी अन्याय केला होता.

वूफर बदलून स्पीकर परत आला आहे. आता एका चॅनलची मुद्रणे मी एकाच स्पीकरवर ऐकतो आणि जोडी फक्त स्टिरिओ मुद्रणांसाठी लावतो. रात्री शेजाऱ्यांसाठी आवाज कमी केला की डग्गा हडकुळा होतो, पण तो स्पीकरचा दोष नव्हे. हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येणे हा कानाचाच धर्म आहे. दुकानात जाल तेव्हा एकाच स्पीकरवर नुसता तानपुरा दोन मिनिटे वाजवायला सांगा, मग जोडी ऐका. तपासणीचे ८५० रुपये अजून परत मिळालेले नाहीत. पावती मी जपून ठेवली आहे.