पुण्याची चक्कर वाचवणारं सॉफ्टवेअर : डीसीपी-ओ-मॅटिक

सोलापुरात शॉर्ट फिल्म करणारी पोरं आता कमी राहिली नाहीत. कॅमेरा भाड्याने मिळतो, एडिटिंग माझ्यासारख्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे उधारीवर होतं. घोडं अडतं ते पुढे. थिएटरमालक सकाळचा वेळ द्यायला तयार होतो, पण वर केबिनमधले ऑपरेटर अण्णा विचारतात, "डीसीपी आणलाय का?" डीसीपी म्हणजे डिजिटल सिनेमा पॅकेज, थिएटरला लागणारा फिल्मच्या फाइलींचा संच. पेनड्राइव्हवरची एमपी-फोर त्यांच्या सर्व्हरला, म्हणजे फिल्म चालवणाऱ्या मशीनला, चालत नाही. मग पुण्या-मुंबईच्या लॅबला फोन, मिनिटाच्या हिशोबाने पैसे, आणि एक नाव चुकलं म्हणून दुरुस्ती काढली की पुन्हा बिल.

डीसीपी-ओ-मॅटिक हे डीसीपी बनवायचं काम फुकटात करतं. कार्ल हेदरिंग्टन नावाच्या माणसाने लिहिलेलं, ओपन सोर्स, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. पैसे देऊन घ्यायचे पर्याय आहेत, जर्मनीच्या फ्राउनहोफर या संशोधन संस्थेत तयार झालेलं ईझीडीसीपी मोठमोठे स्टुडिओ वापरतात. आपल्या वीस मिनिटांच्या फिल्मला तो खर्च कशाला?

दिसायला सॉफ्टवेअर अगदीच साधं, सरकारी फॉर्मसारखं. फिल्म आत टाकायची, फ्लॅट की स्कोप ते सांगायचं आणि 'मेक डीसीपी' दाबायचं. हे चित्राचे दोन ठरलेले आकार. फ्लॅट म्हणजे १९९८ बाय १०८० पिक्सेल, स्कोप म्हणजे जास्त लांबट, २०४८ बाय ८५८. आपली फुल एचडी फिल्म फ्लॅटमध्ये बसवली तर दोन्ही कडांना बारीक काळी पट्टी राहते, ती पडद्यावर कुणाच्या लक्षातही येत नाही. आतमध्ये प्रत्येक फ्रेमचं वेगळं जेपेग २००० चित्र तयार होतं, म्हणून वेळ लागतो. जुना आयथ्री प्रोसेसर असेल तर रात्री लावून झोपा. मे महिन्यात दुपारी तर लावूच नका, सोलापूरचा उन्हाळा माणसाला सोसत नाही तिथे प्रोसेसरला काय सोसणार. एक सोय मात्र झकास आहे. याच्याबरोबर 'एन्कोड सर्व्हर' नावाचा छोटा प्रोग्राम येतो. तो त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू ठेवला की काम वाटून घेतलं जातं. मी शेजारच्या डीटीपीवाल्याचं मशीन दुकान बंद झाल्यावर असंच जुंपतो.

फ्रेम रेटकडे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं ते, आधी बघा. आपल्याकडे बरंच शूटिंग २५ फ्रेमवर होतं आणि थिएटरचा बिनघोर आकडा २४. सॉफ्टवेअर स्वतःच सांगतं की डीसीपी ९६ टक्के वेगाने चालेल. शंभर मिनिटांची फिल्म १०४ मिनिटांची होते, आवाज किंचित जड वाटतो. कथेला चालून जातं, गाणं असेल तर कानाला खटकतं. मोबाइलवर शूट केलेलं असेल तर फ्रेम रेट मध्येच बदलत राहतो. ते आधी एडिटिंगमध्ये सरळ करून घ्या, नाहीतर ओठ एकीकडे नि शब्द दुसरीकडे.

आता सबटायटल. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर कुटुंबावरची एक फिल्म माझ्याकडे आली होती, निम्मे संवाद तेलुगूत, खाली मराठी ओळी. सबटायटल वेगळी फाइल म्हणून दिली की ती अक्षरं थिएटरचा सर्व्हर स्वतः काढतो, आणि देवनागरीची जुळणी सगळ्याच सर्व्हरना जमत नाही. टेस्टला 'मिल'मधली वेलांटी 'म'ला सोडून 'ल'च्या डोक्यावर जाऊन बसली. 'प्रश्न'चे तर तुकडेच पडले. अण्णा म्हणाले, "हे मराठीय व्हय?" यावर इलाज सॉफ्टवेअरमध्येच आहे. 'बर्न सबटायटल्स इनटू इमेज' या चौकटीत टिक करा. अक्षरं चित्रातच छापली जातात आणि जोडाक्षरं शाबूत राहतात. फिल्मचं लांबलचक नाव सॉफ्टवेअर आपोआप बनवतं, त्यात तेव्हा टीई कॅपिटलमध्ये आणि एमआर स्मॉलमध्ये येतं. म्हणजे बोली तेलुगू, मराठी चित्रातच. अण्णांना नाव वाचूनच कळतं.

आवाजाचंही बघा. एडिटिंगमधून साधा स्टीरिओ येतो, तो तसाच दिला तर पडद्यामागचा मधला स्पीकर गप्प राहतो आणि कडेच्या खुर्चीतल्या माणसाला संवाद भिंतीतून आल्यासारखे वाटतात. ऑडिओच्या पानावर 'मिड-साइड डिकोडर' निवडला की संवाद बऱ्यापैकी मध्ये येतात. पाचला एक (५.१) मिक्सची, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा बसवण्याची, सर त्याला नाही, पण फुकटात एवढं बास.

तयार डीसीपी बघायला सॉफ्टवेअरबरोबर येणारा प्लेअर कमजोर लॅपटॉपवर अडखळतो. रिझोल्यूशन निम्मं करून बघता येतं, पण त्यावरून फिल्म पास करू नका, खरी पारख पडद्यावरच. लॅबचे वाचलेले पैसे हॉलच्या तासभर टेस्टला द्या.

डिस्कसाठी अण्णांना आधी विचारा. फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि सेकंदाला १०० मेगाबिटने केलेली वीस मिनिटांची फिल्मच १५ जीबीच्या आसपास जाते. बहुतेक सर्व्हरना लिनक्सच्या ईएक्सटी पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क चालते. ती बनवायला यातच 'डिस्क रायटर' आहे, पण तो अख्खी डिस्क पुसतो. लग्नाचा डेटा असलेली डिस्क त्याच्या जवळपासही ठेवू नका. शिवाय काही जुन्या थिएटरांत उपग्रहावरून सिनेमा उतरवणारी सिस्टीम असते. तिथे तुमचा डीसीपी चालेलच असं नाही, हॉल ठरवण्याआधीच विचारून घ्या.

फिल्मला कुलूप लावायचीही सोय आहे. केडीएम नावाची किल्ली ठरावीक सर्व्हरपुरती आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. आपल्या सकाळच्या शोला ती नकोच. पाहुणे आले, आमदार आले आणि किल्लीची वेळ अजून सुरू झालेली नाही, असं झालं तर करणार काय? डिस्क स्वतः घेऊन जा, शो झाल्यावर अण्णांसमोर बसून सर्व्हरवरची फिल्म डिलीट करून घ्या.